भिंतीला न टेकणारे व्याही

सूर्याशी ज्याचं वैयक्तिक भांडण आहे असा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघावा हे आमचं नशीब. तशा सूर्याबद्दल तक्रारी सगळ्यांच्याच असतात. कतारमधल्या दोहात तर उन्हाळा लागला की सगळं गाव त्याच्या नावाने बोटं मोडत असतं. गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, गार पाण्याच्या नळाला चहाचं आधण येतं, आणि बाल्कनीत चादर वाळत घालायला घेतली तर दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. पण ह्या तक्रारी उन्हाच्या झाल्या. आमच्या व्याह्यांची तक्रार सूर्याच्या वागणुकीबद्दल आहे. त्यांचं म्हणणं, हा गृहस्थ नुसत्या स्वतःच्या वजनावर सगळं सांभाळतो, त्याला ना भांडं लागत ना झाकण, आणि तरी लोक सकाळी उठून त्यालाच नमस्कार घालतात. "तीच वस्तू आम्ही खोलीएवढ्या भांड्यात धरून दाखवायची म्हणून उभा जन्म घातला. आम्हाला कुणी कधी अर्घ्य दिलं का विहीणबाई?" असं त्यांनी मला लग्नाच्या बैठकीत विचारलं होतं. लग्न ठरलंही नव्हतं आणि मी त्यांची विहीणही झाले नव्हते. मी पोह्यांची बशी हातात धरून उभी होते. मी म्हटलं, "लिंबू पिळू का?"

ती वस्तू म्हणजे प्लाझ्मा. मला जेवढा समजलाय तो असा: वायू इतका तापवायचा की त्याच्या अणूंचे तुकडे होऊन विजेने भारलेले कण मोकाट सुटतात. सूर्य सगळा त्याचाच बनलेला, आकाशातली वीजही त्याचीच, आणि आपली जुनी ट्यूबलाइट पेटते तीही त्याच्याच कृपेने. आता एवढी तापलेली वस्तू ठेवणार कुठल्या भांड्यात? म्हणून तिला चुंबकाच्या अदृश्य दोऱ्यांनी बांधून भांड्याच्या पोकळीत अधांतरी धरायचं आणि काही झालं तरी भिंतीला लागू द्यायचं नाही. आमच्या व्याह्यांनी देशातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीची सगळी वर्षं हाच उद्योग केला. ते भांडं कसं असतं हे त्यांनी मला दोहाच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या हॉटेलात मेदूवडा हातात धरून समजावलं. वडा उंच धरून ते त्याच्या भोकातून माझ्याकडे बघत होते, मधूनच बोटाने वड्याला प्रदक्षिणा घालत होते, आणि समोर सांबार निवून त्यावर साय धरायला आली होती. शेवटी मल्याळी वेटर काळजीने जवळ आला. "अंकल, वडा में कुछ प्रॉब्लम है?" व्याही म्हणाले, "वडा एकदम सही है भाई, बस इसके अंदर सूरज डालना है." वेटर "ओके अंकल" म्हणाला आणि चटणीची आणखी एक वाटी ठेवून गेला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याला बरोबर माहीत होतं.

लग्नातही त्यांनी मुलाच्या वडिलांना शोभेल असं एकही काम केलं नाही. मानपानाला त्यांनी आधीच हात जोडले होते, त्यामुळे रुसायची सोय नव्हती. पण ऐन मंगलाष्टकांच्या वेळी व्याही गायब. अंतरपाट धरून दोघंजण ताटकळलेले, गुरुजी तेच कडवं परत म्हणतायत, आणि हे हॉलच्या दाराशी डेकोरेशनवाल्याशी हुज्जत घालतायत. झालं होतं असं की नवरानवरीची नावं गुलाबी दिव्यांत लिहिलेली एक पाटी लावली होती आणि डेकोरेशनवाल्याने तिला निऑन म्हटलं होतं. व्याह्यांनी जवळ जाऊन पाहिलं तर आत साधे एलईडी. "ह्यात प्लाझ्मा कुठाय? निऑन म्हणालात ना? दाखवा मला निऑन," असं ते त्या बिचाऱ्याला विचारत होते, आणि तो "साहेब, सगळीकडं हेच लावत्यात" म्हणून घाम पुसत होता. अखेर त्यांच्या पत्नीने येऊन त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं आणि काही न बोलता त्यांना बोहल्याजवळ नेऊन उभं केलं. ही बाई, माझी खरीखुरी विहीण, जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायची. पण तिने हात लावला की हे जागच्या जागी यायचे. मला त्या क्षणी ती फार आवडून गेली.

पुढे दोन वर्षांत ती गेली. आजारपण लांबलं नाही, आणि तेवढाच काय तो दिलासा. नाशिकच्या फ्लॅटमध्ये हे एकटे उरले. माझी मुलगी आणि जावई दोहातच असतात, आमच्या तिथल्या घरापासून मेट्रोने जवळ. त्यांनी व्हिजिट व्हिसा काढून व्याह्यांना आणलं, आणि मग जावयाने खटपट करून कायमचं राहण्याच्या कागदपत्रांचंही जमवत आणलं. अडलं होतं ते एका होकारावर. "आई, त्यांना आम्ही परत पाठवणार नाही," मुलगी मला म्हणाली. "तिकडे कोण आहे त्यांचं? पण विचारलं की हसतात नि इन्शाल्ला म्हणतात. तू बोल ना. तुझं ऐकतात." ते माझं ऐकतात हा शोध तिने कुठून लावला देव जाणे. आणि इन्शाल्लाचं म्हणाल, तर 'देवाची मर्जी असेल तर' एवढाच अर्थ असलेला हा शब्द आमच्या व्याह्यांना आल्या आल्या आवडला होता. प्रयोग सुरू करायच्या आधी म्हणायला असा एक शब्द हवा होता, असं त्यांचं मत. पण दोहात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कळतं, की एसी दुरुस्त करणारा "उद्या, इन्शाल्ला" म्हणाला की उद्या कुणी येत नसतं. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि मला त्यांच्याकडून साधं मराठी "हो" काढून घ्यायचं होतं.

म्हणून मी त्यांना गावभर हिंडवायचं ठरवलं, म्हणजे जीव रमेल. समुद्राकाठच्या कॉर्निशवर त्यांचा जीव रमला नाही, म्युझियममध्ये रमला नाही, मॉलमधल्या खोट्या कालव्यात होडी चालते ती बघून तर ते जांभयाच देऊ लागले. रमला तो इंडस्ट्रियल एरियात. सूर्याकडे बघायला वेल्डिंगची सगळ्यात गडद काच हवी म्हणून आम्ही त्यांना तिकडे नेलं होतं. एका वर्कशॉपच्या पाटीवर "प्लाझ्मा कटिंग" अशी मोठी अक्षरं दिसली आणि ते "थांबव, थांबव" म्हणून ओरडले. परमुलखात आपल्या आडनावाची पाटी दिसावी तसा चेहरा झाला होता त्यांचा. आत बीडकडचा एक वेल्डर मशीनवर होता. लोखंडाचा पत्रा प्लाझ्माच्या धारेने लोण्यासारखा कापला जाताना हे काचेआडून बघत राहिले. काम थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे रोज चालतं?"

"रोज म्हंजे? सकाळपून चालूच की."

"मधे विझत नाही?"

"न्हाई. गॅस संपला तर."

"आमचा डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकायचा," व्याही म्हणाले. त्या माणसाने हातमोजे काढले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मनापासून हळहळून विचारलं, "दुरुस्त न्हाई झालं का मग शेवटपर्यंत?" ह्यावर व्याही इतके हसले की त्यांना स्टुलावर बसवून चहा द्यावा लागला. आपल्याला कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा लागायचा आणि हा त्यामानाने फारच थंड, हे त्याला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. येताना त्या माणसाने काच फुकट दिली. परतीच्या वाटेवर हे मागच्या सीटवर काच मांडीवर धरून बसले होते.

गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी त्यांना "सूर्य आणि आपण" ह्या विषयावर बोलायला बोलावलं. लोकांना वाटलं, सूर्यनमस्कार, जीवनसत्त्व वगैरे काही सांगतील. व्याही माइकसमोर उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते मला उद्देशून: "विहीणबाई, परकराची एक नाडी मिळेल का?" माझ्या नवऱ्याने मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. नाडी शेवटी ज्यांच्या घरी गणपती होता त्या बाईंनी आतून आणून दिली. व्याह्यांनी तिचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि पीळ द्यायला लागले. सूर्यावर चुंबकीय दोऱ्यांच्या अशाच कमानी असतात, त्यांचे दोन्ही पाय सूर्यात रोवलेले असतात, खालची जमीन सरकत असते आणि कमानीला पीळ पडत जातो, असं ते सांगत होते. पीळ वाढला, नाडी मधेच उसळून तिचं वेटोळं झालं आणि माझ्या हातातलं टोक सुटून थेट मंडळाच्या सचिवसाहेबांच्या चष्म्यावर. "हे असं," व्याही खुशीत म्हणाले, "सूर्यावर स्फोट होतात ते असे. दोरी तुटते, भलत्याच दोरीला जोडली जाते, आणि साठलेला सगळा जोर एकदम बाहेर." पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. "आजोबा, विल द सन एक्सप्लोड?" "रोज होतो बाळा," ते म्हणाले, "तरी सकाळी येतोच." मुलांना भाषण फार आवडलं. पुढच्या वर्षीचे वक्ते मात्र कमिटीने तेव्हाच, प्रसाद वाटतानाच ठरवून टाकले.

दुसरी खोड म्हणजे सकाळचा फोन. इतर लोक फुलांचं चित्र टाकून सुप्रभात म्हणतात. आमचे व्याही मोबाइलवर उपग्रहाने काढलेले सूर्याचे ताजे फोटो बघतात आणि फोन करून अहवाल देतात. "आज शांत आहे." "आज डाव्या अंगाला डागांचा एक जुडगा आलाय, लक्षण ठीक दिसत नाही." एकदा सूर्यावर मोठा भडका उडाला तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला मेसईदला निघालेल्या कंपनी बसमध्ये गाठून सावध केलं होतं. नवरा तेव्हा तिथल्या खतांच्या कारखान्यात होता, तो म्हणाला, "भाऊ, मी युरियाचं काय करू?" व्याही म्हणाले, "काही नाही, नुसतं लक्षात असू द्या." हे लक्षात असू द्यायचं ओझं नवऱ्याने दिवसभर वाहिलं, आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारलं, "झालं का काही?"

हा अहवाल द्यायला ते एकदा समक्ष आले तेव्हा मी घावन घालत होते. माझं माहेर देवरुखकडचं, आणि माहेरून आणलेला बिडाचा तवा मी दोहात इतकी वर्षं वागवलाय. पहिलं घावन नेहमीसारखं तव्याला चिकटलं, मी ते खरवडून बाजूला काढलं. "का?" व्याही म्हणाले. "पहिलं तव्याचंच असतं," मी म्हटलं, "तवा तयार व्हायला लागतो." त्यावर आमचे व्याही ओट्याला चक्क नमस्कार घालायचे बाकी राहिले. त्यांच्या यंत्रातही अगदी असंच असतं म्हणे. भांड्याच्या भिंती आधी दिवसेंदिवस तापवायच्या, आतला ओलावा नि मळ काढून टाकायचा, पहिले कितीतरी प्रयोग वाया जाऊ द्यायचे, तेव्हा कुठे आतला प्लाझ्मा धड उभा राहतो. "लोकांना वाटतं सगळं चुंबकावर असतं. अर्धं भिंतीवर असतं हो. तुम्ही आमच्याकडे असायला हव्या होतात." इतकी मोठी शाबासकी मला सासरी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांना मी दोन घावनं जास्त वाढली.

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घावन त्यांनी उभ्यानेच खाल्लं. बशी स्वतः धुतली, पुसली आणि जिथली तिथे ठेवली. मग मी लक्ष ठेवू लागले. हा माणूस कुठेच टेकत नाही. खोलीत उभा राहील तो मधोमध. सोफ्यावर बसेल तो अगदी कडेला, पाठ न टेकवता, बसस्टॉपवर बसल्यासारखा. मुलीच्या घरी तर विचारूच नका. आंघोळीनंतर बाथरूम अशी कोरडी करतील की कुणी आत गेलं होतं ह्याचा पुरावा राहू नये. टीव्ही कधी स्वतःहून लावला नाही, कुठल्या भाजीला नको म्हटलं नाही, एसीचा रिमोट हातात धरला नाही. मुलगी कौतुकाने सांगायची, "आई, बाबांचा त्रास असा काही नाहीच." मला ते कौतुक ऐकून धस्स व्हायचं. एकदा त्यांचे इस्त्रीचे शर्ट मी कपाटात ठेवायला गेले. दार उघडलं तर कपाटात नुसते हँगर. त्यांची बॅग खाली जमिनीवर, कपडे तिच्यात घडी घालून, वर टॉवेल. येऊन किती महिने झाले होते, आणि विमानकंपनीचा टॅगसुद्धा बॅगेच्या मुठीला तसाच होता.

त्याच आठवड्यात हवेत धूळ भरून आली. आकाश मळकट पिवळं, समोरची बिल्डिंग दिसेना, आणि सूर्य ताकात बुडवल्यासारखा पांढुरका. लोक नाकाला रुमाल बांधून घरी पळत होते तेव्हा व्याही वेल्डिंगची काच घेऊन मेट्रोने आमच्याकडे आले, कारण आमच्या बिल्डिंगमागे मोकळं पार्किंग होतं. "चला, यल्ला," म्हणाले, "असा कधी सापडत नाही तो." मी डोक्यावरून ओढणी घेऊन खाली गेले. त्यांनी काच माझ्या डोळ्यांवर धरली. हिरव्या अंधारात एक वाटोळी चकती होती, आणि तिच्या कडेशी तिळाएवढा काळा ठिपका. "दिसला? त्यात आपली पृथ्वी मावून वर जागा उरते. तिथे चुंबकीय दोऱ्या इतक्या घट्ट झाल्यात की खालची ऊब वर येऊ शकत नाही. म्हणून तेवढी जागा थंड." मला मुलीचं काम आठवलं. एवढा चांगला मुहूर्त पुन्हा मिळाला नसता. मी काच खाली केली आणि सरळ विचारलं, "भाऊ, बॅग का उघडली नाहीत?"

त्यांनी काच माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "विहीणबाई, प्लाझ्मा भिंतीला लागला की काय होतं माहितीय? दोन गोष्टी होतात. तो थंड होऊन विझतो, आणि भिंतही भाजते. दोघांचंही नुकसान. पोरं चांगली आहेत हो. त्यांचा संसार नवा आहे. मी मधोमध सांभाळून राहतो, कुणाला लागत नाही, आणि मुदत संपली की जातो." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांगू? मला घरात राहता येत नाही. ती ठेवायची तिथे मी असायचो. कपाटात माझा कप्पा कुठला, जेवायला कुठल्या खुर्चीवर बसायचं, सगळं ती ठरवायची. आता मला कुणीच धरलेलं नाही. मग माणूस घाबरून कशालाच हात लावत नाही." आजवर मी त्यांना प्लाझ्मावर तासन्तास बोलताना ऐकलं होतं, बायकोवर बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुळीमुळे आलंय असं मी भासवलं नाही.

पण मी विहीण आहे, नुसती रडून भागत नाही. मी म्हटलं, "भाऊ, पहिलं घावन चिकटतं म्हणून आम्ही तवा फेकून देतो का? तुम्हीच म्हणालात ना, पहिले कितीतरी वाया जाऊ द्यायचे? तुम्ही तर अजून एकही घातलेलं नाही. लागा जरा भिंतीला. पोरांना चटका बसेल, तुम्हालाही बसेल. बसू दे. आम्ही काय एकमेकांना चटके न देता संसार केलेत?" व्याह्यांनी काच रुमालाने पुसली, खिशात ठेवली, पुन्हा काढून पुसली. "म्हणजे भिंत तयार करणं. वॉल कंडिशनिंग," ते पुटपुटले. मी म्हटलं, "तेच ते." मग आम्ही दोघं वर आलो, आणि मी चहा टाकला. पहिल्यांदाच ते खुर्चीला पाठ टेकून बसले. अवघडून बसले होते, पण बसले.

दोन दिवसांनी मुलीचा फोन. "आई, बाबांनी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली!" ती अक्षरशः ओरडत होती. त्यानंतरचे तिचे फोन मात्र वेगळे. बाबांनी फ्रिज आतून सगळा नव्याने लावला, दही सापडत नाही. बाबा एसी बंद करतात. बाबांनी मिक्सर कसा गरम होतो ते पाहायला खोलला आणि तो आता गरमच होत नाही, कारण चालतच नाही. बाबा भेंडीला नको म्हणाले. एकदा तर दोघांची चांगली जुंपली आणि ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, तूच त्यांना काहीतरी सांगितलंयस." मी तोंडाने "अगं, म्हातारं माणूस" वगैरे म्हणत होते, आणि मनातून मला इतका आनंद झाला होता की फोन ठेवल्यावर मी साजूक तुपातला शिरा केला. कागदपत्रं झाली. फिंगरप्रिंट द्यायला जाताना त्यांनी मुलीने आणलेला नवा शर्ट घातला होता, आणि बाहेर आल्यावर मला फोन करून सांगितलं, "खलास. आता इथलाच."

आणि मग आमचीच पाळी आली. नवऱ्याच्या निवृत्तीचं पत्र आलं. तिथे नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि स्वयंपाकघरातले डबे रिकामे करणं ह्यात फरक आहे. फर्निचर विकलं, कुंड्या शेजारणीला दिल्या, खोके बोटीने पाठवले. तवा मात्र मी बोटीच्या भरवशावर सोडला नाही, आपल्याच बॅगेत घातला, आणि वजन वाढलं म्हणून नवऱ्याने कुरकुर केली. विमानतळावर व्याही आले होते. मुलीचा खांदा धरून उभे होते, अगदी घरच्या माणसासारखे. ज्याला मी राहायला लावलं तो राहिला आणि मी निघाले, ह्याची गंमत आम्हा दोघांनाही कळत होती, पण हसू कुणालाच आलं नाही. जाताना त्यांनी ती वेल्डिंगची काच माझ्या पर्समध्ये सारली. "तिकडचा सूर्यही हाच आहे," म्हणाले, "वागणूकही हीच."

पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता आम्ही राहतो. इतकी वर्षं तो भाड्याने दिला होता. भिंतींवर दुसऱ्यांच्या खिळ्यांच्या खुणा आहेत, स्वयंपाकघरातलं कपाट कुठल्या बाजूने उघडतं ते मला अजून आठवावं लागतं. खाली भाजीवाला मला "नवीन आलात का?" विचारतो. नवऱ्याने पेपर लावला, फिरायला गट शोधला, तो रुळला. मी चहाचा कप धुऊन, पुसून जिथला तिथे ठेवते. सोफ्याच्या कडेला बसते. सकाळी फोन मात्र येतो, एक दिवस चुकलेला नाही. परवा त्यांनी सांगितलं, "आज शांत आहे." मागे मुलीचा आवाज येत होता, बाबा, गॅस कुणी मोठा ठेवला म्हणून. मी हसले. ते हसले नाहीत.

"विहीणबाई, बॅग उघडली का?"

माझ्या तोंडून शब्द आला तो एकच. "इन्शाल्ला."

मग त्यांनी विचारलं, "तवा कुठे आहे?"

"कुठला?"

"बिडाचा. घावनांचा."

बॅग पलंगाजवळ भिंतीला टेकून उभी होती, मुठीला दोहाचा टॅग. "बॅगेत," मी म्हणाले.

"मग आज घावन करा. पहिलं चिकटेल. चिकटू द्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तांदळाचं पीठ भिजवलं आणि जमिनीवर बसून बॅगेची चेन उघडली. तवा मी जपून तळाशी ठेवला होता, त्यामुळे तो काढायला आधी वरचं सगळं बाहेर काढावं लागलं.